अनुभव निवृत्त होऊ नये म्हणून

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



विद्येच्या देवतेपुढे बसून विद्येबद्दलच दोन शब्द बोलावेत, म्हणून हा विषय घेतला आहे. आम्हा मराठी माणसांना व्याख्यानाची हौस फार. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि १८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला तेव्हा व्याख्यान त्याच्याबरोबरच मांडवात आले. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आले. १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिचे लष्कर झाले. आपण बसलो आहोत त्या भागाचे नावच पडाव, म्हणजे मुक्काम. तो मुक्काम दोनशे वर्षांहून अधिक लांबला आणि त्या मुक्कामात आपण व्याख्यान सोडले नाही.

पण व्याख्यान संपल्यावर आपण काय करतो, ते आठवून पाहा. चपला शोधता शोधता, चहाच्या कपाशी, घरी जाताना रस्त्यात, चार-पाच जण घोळका करून बोलतात. "ते म्हणाले ते ठीक, पण आमच्या दफ्तरात असे झाले होते..." अशी सुरुवात होते आणि खरी माहिती तिथे बाहेर पडते. आजचा विषय त्या घोळक्याचा आहे. कामाच्या ठिकाणी ज्याला जे ठाऊक आहे ते चारचौघांनी मिळून बोलावे, ऐकावे आणि जपावे, ते कसे, एवढाच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे पुष्कळ नुकसान आहे. आपल्या पडाव, लष्कर, मुरार, ठाटीपूरच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे रेल्वेत, ए.जी. ऑफिसात, वीज खात्यात, शाळा-कॉलेजांत, बिर्लानगरच्या गिरणीत नोकरीला गेली. प्रत्येकाजवळ स्वतःची अशी एक जाणकारी होती. कोणता फीडर पहिल्या पावसात बसतो, कोणत्या यंत्राचा आवाज बदलला की सूत तुटायला लागते, कोणता कागद कोणत्या बस्त्यात आहे. ही माहिती कोणत्याही नियमपुस्तकात नसते. मग एक दिवस निवृत्ती येते. शाल, नारळ, हार, एक घड्याळ, तीन भाषणे आणि फोटो. भाषणांत त्या माणसाचा स्वभाव, वक्तशीरपणा, सगळे येते. "तुम्हाला ते काम नेमके कसे जमत होते?" असे मात्र त्याला कोणी विचारत नाही.

जियाजीराव कॉटन मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. यंत्रे गेली, जमीन राहिली, पण कारागिरांच्या हातातली समज कुठे गेली, याची नोंद कोणी ठेवली नाही. ग्वाल्हेर ते श्योपूर ही दोन फुटी रुळांची छोटी गाडी, सुमारे दोनशे किलोमीटरची, २०२० मध्ये थांबली. त्या रुळांवर गाडी चालविण्याचे, तिची डागडुजी करण्याचे जे शहाणपण होते, ते ज्यांच्याकडे आहे ती माणसे आज आपल्यात आहेत. उद्या असतीलच असे नाही.

आमच्यापैकी काहींनी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. दफ्तराचे नाव सांगण्याचे कारण नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जुन्या ग्वाल्हेर रियासतीत नोकरीला लागलेल्या माणसांच्या सेवापुस्तिकांत तारखा विक्रम संवतात लिहिलेल्या असत. त्यांच्या विधवांची कुटुंब-पेन्शनची प्रकरणे येत. संवतातून इसवी सन काढायला ५७ वजा करायचे, हे सर्वांना माहीत. तरी काही प्रकरणे आक्षेप लागून पुन्हा पुन्हा परत येत, कारण एका कागदावर जन्माचे साल एक आणि दुसऱ्यावर दुसरे. एक वर्षाचा फरक. तेवढ्या फरकापायी एखादी म्हातारी बाई महिनोन्‌महिने खेटे घाली.

पूर्वी हे काम एक वृद्ध बाबू करीत, तेव्हा प्रकरणे अडत नसत. ते निवृत्त झाले आणि अडू लागली. शेवटी कोणाला तरी सुचले, त्यांना चहाला बोलवावे. ते आले, पाच-सहा जण भोवती बसले. "तुम्ही कसे करीत होता?" यावर त्यांचे उत्तर एकच: "काही विशेष नाही हो, नेहमीसारखेच." मग एकाने खरोखरचे एक अडलेले प्रकरण त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटले, आमच्यासमोर करून दाखवा. त्यांनी पुस्तिका उघडली आणि साल पाहण्याआधी बोट महिन्यावर ठेवले. तिथे बसलेल्यांत वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलीने विचारले, "काका, आधी महिना का पाहता?" काका चकित झाले. त्यांना वाटत होते, हे सगळ्यांना ठाऊकच असते. संवत चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे, आणि पौषात जानेवारी लागला की फाल्गुनापर्यंत ५६. एवढेच! त्या तासाभरात हे एक वाक्य बाहेर आले, एका कागदावर लिहिले गेले, आणि अडलेली प्रकरणे सुटू लागली.

या प्रसंगात सगळा विषय आहे. जाणत्या माणसाला आपण काय जाणतो हेच पुष्कळदा ठाऊक नसते. तो कंजूष नसतो. त्याला ते इतके सवयीचे झालेले असते की सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नाही. ते बाहेर यायला समोर खरे काम लागते, विचारणारा नवखा लागतो, आणि विचारायला मोकळीक लागते. 'तुमचा अनुभव सांगा' म्हटले की माणूस भाषण करतो. 'हे प्रकरण करून दाखवा' म्हटले की त्याचे बोट महिन्यावर जाते.

अर्थात काही वेळा जाणते लोक मुद्दामही सांगत नाहीत. ग्वाल्हेरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आपल्या गायकीच्या उगमाशीच एक आख्यायिका आहे. शिंदे दरबारचे बडे मोहम्मद खाँ यांची तान अद्भुत, पण ती ते कोणाला देईनात. तेव्हा हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या तरुण भावांना पडद्याआड बसवून ती ऐकविली गेली, आणि त्यांनी ती उचलली. गोष्टीत खरे किती आणि रंगविलेले किती, तो भाग सोडा. विद्या पडद्याआडून मिळवावी लागत होती, हे त्या काळाचे चित्र त्यात आहे. पुढे त्याच परंपरेतल्या वासुदेवबुवा जोश्यांपाशी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन शिकले, त्यांनी ही गायकी मिरज-इचलकरंजीकडे नेली, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एकाने मन मोकळे करून शिकविले की विद्या किती लांब जाते, तेही याच परंपरेत दिसते.

आणि विद्या चर्चेला बसविण्याचे सर्वांत मोठे काम ज्या मराठी माणसाने केले, त्याचाही ग्वाल्हेरशी जवळचा संबंध आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे. १० ऑगस्ट १८६० ला, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वरी जन्म; १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेशचतुर्थीला मृत्यू. व्यवसायाने वकील. त्यांच्या काळी एकच राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायला जाई, प्रत्येकजण आपलेच खरे म्हणे, आणि दोघांना समोरासमोर बसवून विचारणारे कोणी नव्हते. भातखंड्यांनी हे विचारण्याचे काम अंगावर घेतले.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ते प्रवासाला निघत ते आधी प्रश्न लिहून घेऊन. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, तिथे एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांसारख्या थोर जाणकाराला भेटले. पुढे नागपूर, कलकत्ता, हैदराबाद, नंतर उत्तरेकडची शहरे. जिथे जाणता असेल तिथे जायचे, नेमका प्रश्न विचारायचा, मिळालेले उत्तर टिपायचे, आणि ते दुसऱ्या जाणत्यापुढे ठेवायचे. वकिलाची साक्ष काढण्याची सवय त्यांनी विद्येच्या कामी लावली. त्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिलेला आहे. विचारणारा शिष्य पुस्तकातही हवाच, असे त्यांना वाटले असावे.

मग त्यांनी माणसे एकत्र आणायला सुरुवात केली. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर दिल्ली, बनारस आणि दोनदा लखनौ. परिषदेत जलसे होतेच, पण गवयी आणि शास्त्रज्ञ एका छताखाली बसून वादाचे मुद्दे बोलत, हे त्यातले नवे होते. बडोद्याला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी श्रुतींच्या हिशोबाने तयार करविलेली पेटी मांडली. तिचे स्वर उस्तादांच्या गळ्याशी ताडून पाहिले गेले, आणि गळा पेटीशी जुळेना. कागदावरचे गणित आणि गळ्यातला स्वर समोरासमोर आल्याशिवाय हा निकाल कसा लागला असता?

ग्वाल्हेरला माधवराव महाराजांनी हे काम उचलून धरले. इथले काही गवयी त्यांनी भातखंड्यांकडे मुंबईला पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. शंकर पंडितांसारख्या गुरूकडे शिकलेला तयार गवई, पण नवी लेखनपद्धती शिकायला विद्यार्थी होऊन बसला. मग जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि राजाभैया पुढे त्याचे प्राचार्य झाले. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'त दीड हजारांहून अधिक बंदिशी आहेत. ग्वाल्हेरच्या गळ्यांतून आलेल्या कितीतरी चिजा त्यामुळे टिकल्या.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कागदावर बंदिश उतरली, पण मींड उतरली नाही, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. भातखंड्यांच्या दहा थाटांवर वाद आहेतच. ग्वाल्हेरात त्याआधीच, १९१४ मध्ये, कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व विद्यालय सुरू केले होते, आणि समोर बसवून गळ्यातून गळ्यात देण्याची घराण्याची तालीम त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. दोन्ही गोष्टी शहराला लागल्या. लिहून ठेवल्याने विद्या नष्ट होत नाही, पण नुसत्या लिहिण्याने ती पुरी पोचतही नाही. म्हणून बैठक आणि कागद दोन्ही हवेत.

आता जगाकडे पाहू. ज्युलियन ऑर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून पाहिले. कंपनीने प्रत्येक बिघाडासाठी पुस्तक दिले होते. पण अवघड बिघाड ही मंडळी सोडवीत ती न्याहारीच्या टेबलावर एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींच्या बळावर. "तुझ्याकडे तसे झाले तेव्हा काय निघाले?" वरून पाहणाऱ्याला ते गप्पा मारताना दिसत, आणि तेच त्यांचे शिकणे होते. पुढे कंपनीने त्यांच्या या युक्त्या नोंदवून सर्वांना मिळतील अशी सोय केली, आणि नोंदीबरोबर सांगणाऱ्याचे नाव ठेवले.

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफ बेटाच्या विमानतळावर धुक्यात दोन मोठी विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या कनिष्ठ अभियंत्याला शंका आली होती की समोरचे विमान अजून धावपट्टीवरच असावे. त्याने विचारलेही. वरिष्ठ वैमानिकाने ठामपणे उत्तर दिले आणि प्रश्न तिथेच संपला. अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा धडा आला: कनिष्ठाने शंका बोलून दाखवायची आणि वरिष्ठाने ती थांबून ऐकायची. आपल्या दफ्तरांत विमाने पडत नाहीत, पण "साहेब बोलले, आता आपण काय बोलणार" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे.

मग बैठक घ्यायची कशी? आम्ही निरनिराळ्या खात्यांतली मंडळी एकत्र बसून जे उमगले, ते सांगतो.

पहिले, माणसे थोडी. सहा ते आठ. वीस झाली की सभा होते, आणि सभेत दोघे बोलतात. त्या सहा-आठांत एक निवृत्तीला आलेला, एक नुकताच लागलेला आणि एक शेजारच्या शाखेचा असावा. शेजारचा मूर्ख वाटणारे प्रश्न विचारतो, आणि ते फार कामाचे असतात.

दुसरे, एकच प्रश्न, आणि तो घडलेल्या गोष्टीचा. 'ग्राहकसेवा कशी सुधारावी' असा विषय ठेवला तर सुविचार मिळतील. 'गेल्या जुलैत तीन दिवस लाइन बंद होती, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिले आणि का?' असे विचारले तर माहिती मिळेल. शक्य असेल तर कागद, हत्यार, नकाशा समोर ठेवावा.

तिसरे, लहान आधी बोलेल. आपल्या सैन्याच्या कोर्ट मार्शलमध्ये सभासदांची मते घेतात ती सर्वांत कनिष्ठापासून. कारण उघड आहे. वरिष्ठाने आधी मत दिले की बाकीच्यांचे मत त्याच्या मागे जाऊन बसते. मुरार छावणीत जे चालते ते आपल्या दफ्तरात चालायला हरकत नाही.

चौथे, एक सूत्रधार हवा, आणि त्याने स्वतः कमीत कमी बोलावे. मैफलीत तानपुऱ्यावर बसलेला गात नाही, पण स्वर तो सांभाळतो, तसे. गप्प बसलेल्याकडे वळून "तुमच्याकडे कसे करतात?" विचारणे, लांबलेल्याला हळूच थांबविणे, आणि कोणी "म्हणजे काय?" विचारले की त्याला पाठिंबा देणे, एवढे त्याचे काम. बैठकीतला सर्वांत मोठा अधिकारी शक्यतो सूत्रधार नसावा.

पाचवे, अभय. फसलेल्या कामाची हकीकत बैठकीत सांगितली आणि ती वर्षअखेरीच्या गोपनीय अहवालात उमटली, तर पुढच्या बैठकीत सगळे फक्त यशोगाथा सांगतील. हे अभय सुरुवातीलाच साहेबाने सर्वांसमोर द्यावे आणि पाळावे.

सहावे, एक पानाची टिपण. कोणी सांगितले त्याचे नाव वर, काय सांगितले ते खाली, साध्या भाषेत. लिहून झाल्यावर सांगणाऱ्याला वाचून दाखवावे. "असे नव्हे, असे" म्हणताना तो आणखी दोन गोष्टी सांगतो. आणि पुढची बैठक मागच्या टिपणापासून सुरू व्हावी: कोणी वापरून पाहिले? काय झाले?

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, वेळ कुठे आहे? महिन्यातून एक तास. परत आलेल्या एका प्रकरणावर याहून जास्त वेळ जातो. दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतो: सगळे सांगून टाकले तर आपली किंमत काय राहिली? ही भीती खोटी नाही. जिथे माणसाची जाणकारी काढून घेऊन त्याला विसरतात, तिथे तो का सांगेल? म्हणून टिपणावर नाव हवे, आणि ज्याने चार जण तयार केले त्याचा मान, एकट्याने अडवून बसणाऱ्यापेक्षा मोठा, हे संस्थेने कृतीतून दाखवायला हवे. बडे मोहम्मद खाँ यांचे नाव आज आपण घेतो तेही ज्यांनी त्यांची तान उचलली त्यांच्या गोष्टीत.

शेवटी आपल्या घरचे. हे मंडळही एक कामाची जागा आहे. मूर्ती कोणाकडे सांगायची, परवानगीचा अर्ज कधी द्यायचा, शंभर माणसांच्या मोदकांना उकड किती, वर्गणी मागताना कोणत्या घरी कोणत्या वेळी जायचे, आरतीची चाल कोणती, हे पाच-सहा जणांच्या डोक्यात आहे. त्यांतले बहुतेक सत्तरीपुढचे आहेत. तरुण मुले पुणे, बंगळूर, दिल्लीला आहेत, उत्सवाला चार दिवस येतात, खुर्च्या उचलतात आणि परत जातात. त्यांना आपण काम सांगतो, कारण सांगत नाही. त्यांनी विचारावे अशी संधीही देत नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी, उत्सवाचा हिशोब होतो त्याच दिवशी, तासभर अशी बैठक घ्यावी. ज्येष्ठ तीन, तरुण चार, एक सूत्रधार. मुले परगावी असतील तर फोनवर बसवावीत. प्रश्न एकच: यंदा काय अडले, आणि ते कोणी कसे सोडविले? बोलायला सुरुवात मुलांनी करावी. लिहिलेली पाने पुढच्या वर्षीच्या पहिल्या सभेत वाचावीत.

आणि ज्यांच्या घरी गिरणीत, छोट्या गाडीवर, वीजघरात, दफ्तरात आयुष्य काढलेले आजी-आजोबा आहेत, त्यांनी या सुट्टीत त्यांच्यापाशी बसून एक काम करून दाखवायला सांगावे. आधी बोट कुठे जाते ते पाहावे, आणि विचारावे, "तिथे का?"

आता आमचे बोलणे पुरे. चहा तयार आहे, तुमचे ऐकायला आम्ही तिकडेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!